राळ गप्प होते तेव्हा

आज सकाळी एसी बंद केला.

आखातात संसार केलेल्या माणसालाच कळेल, हे केवढं मोठं वाक्य आहे. एप्रिलपासून दिवसरात्र घरघरणारं ते धूड गप्प झालं आणि सोहारच्या आमच्या घरात सहा महिन्यांनी बाहेरचे आवाज आले. कुठेतरी बकरी ओरडत होती. पलीकडच्या बांधकामावर कुणीतरी लोखंडावर लोखंड आपटत होतं. खिडकीच्या खाचेत साठलेली धूळ ओल्या फडक्यानं पुसली, काच सरकवली आणि समुद्राकडचा वारा थेट स्वयंपाकघरापर्यंत गेला. हेमंत, म्हणजे माझा नवरा, चहाचा कप घेऊन तिथेच उभा राहिला. "आला बाई तुझा डाख लावायचा ऋतू," तो म्हणाला.

मी इथल्या एका तंत्रशिक्षण संस्थेच्या प्रयोगशाळेत मुलींना डाख लावायला शिकवते. सोल्डरिंग म्हणतात सगळे. मी मनातल्या मनात डाखच म्हणते. वर्गाच्या पहिल्या दिवशी माझं पहिलं फर्मान एसी बंद करण्याचं असतं. मुली कुरकुरतात. काळ्या अबायांच्या बाह्या कोपरापर्यंत सारत "मिस, हर्र!" म्हणतात, म्हणजे उकडतंय हो. उकडू दे. गार वाऱ्यात डाख मरतो, असं मी त्यांना मोडक्यातोडक्या अरबीत सांगते आणि दरवेळी मला वाटतं की हे वाक्य मी चोरलेलं आहे. ते कासमचाचांचं आहे. वादी कबीरमध्ये, एकोणीसशे नव्याण्णवच्या ऑक्टोबरपासून पुढच्या मार्चपर्यंत, शुक्रवारी दुपारी जेवणानंतर मी ते कितीदा ऐकलं याची गणती नाही.

वादी कबीर हा मस्कतचा एक खोलगट कोपरा. वर आमच्यासारख्यांचे फ्लॅट, खाली गॅरेजं. आमच्या इमारतीच्या तळाशी एक डेंटिंगवाला, एक रंगारी आणि कोपऱ्यात रेडिएटर दुरुस्तीचं दुकान. सकाळी शाळेच्या बसचे हॉर्न, दुपारी हातोड्या, संध्याकाळी सगळ्या जिन्यांत फोडणीचा वास. तीन बाजूंनी उघडेबोडके डोंगर. पहिली दोन वर्षं मला त्या डोंगरांची भीती वाटायची. झाड नाही, गवत नाही, नुसता भाजलेला दगड. मग एका ऑक्टोबरात सूर्य मावळताना ते आतून पेटल्यासारखे तांबडे झालेले पाहिले आणि मी हातातली कपड्यांची बादली खाली ठेवून बघत राहिले. त्यानंतर भीती गेली.

त्या वर्षी हेमंतनं मायदेशी निघालेल्या एका सहकाऱ्याकडून रिमोटवर चालणारी गाडी विकत घेतली. खेळणं म्हटलेलं त्याला आवडायचं नाही. हातभर लांबीची, फुगीर चाकांची, पोटात मोटर आणि सहा सेलची बॅटरी असलेली ती गाडी शुक्रवारी संध्याकाळी कोरड्या वादीच्या पात्रात धावायची. पाणी नसलेल्या नदीलाच इथे वादी म्हणतात. वर्षातून एखाद्या दिवशी खरी नदी होते, बाकी दिवस गोट्यांचं मैदान. तिथे आठदहा जण जमायचे. त्यात आमच्या वरच्या मजल्यावरचा सलीमही असायचा. तो ओमानी, सरकारी कचेरीत कारकून, आणि अंगातला पायघोळ दिशदाशा गुडघ्यापर्यंत उचलून गाडीमागे पळायचा.

आमची गाडी मात्र धापा टाकायची. बॅटरीची लाल आणि काळी तार जिथे पांढऱ्या प्लॅस्टिकच्या प्लगमध्ये जायची, तो प्लग पाच मिनिटांत हाताला चटका बसेल इतका तापायचा. एके दिवशी तो वितळून मेणासारखा चिकटला. हेमंतनं तो काढण्यासाठी माझी भाजीची कात्री घेतली आणि दोन्ही तारा एकदम कापायला गेला. ठिणगी इतकी मोठी उडाली की कात्रीच्या पात्याला हरभऱ्याएवढी खाच पडली. कात्री अजून आहे. कोथिंबीर कापताना ती खाच दरवेळी अडते.

"तू डिप्लोमावाली ना? तूच कर," तो म्हणाला. चेष्टेतच म्हणाला, पण मला ते लागलं.

मी रत्नागिरीच्या पॉलिटेक्निकमधली इलेक्ट्रॉनिक्सची डिप्लोमावाली. लग्नाआधी तीन वर्षं पुण्यात टेलिफोनच्या कारखान्यात सर्किट जोडायचं काम केलेलं. दिवसाला शेकडो टाके, सगळे तांदळाएवढे बारीक. मग लग्न झालं, मस्कतला आले, आणि पासपोर्टवर कुटुंबाच्या व्हिसाचा शिक्का बसला. त्यावर अरबीत आणि इंग्रजीत लिहिलेलं होतं की नोकरीस परवानगी नाही. त्याला पाच वर्षं झाली होती. शिक्का नोकरीपुरता असतो हे मलाही समजत होतं, पण पाच वर्षांत तो हळूहळू हातावरच उमटल्यासारखा झाला होता. माझी पंचवीस वॅटची सोल्डरिंगची गन ट्रंकेत जुन्या परकरात गुंडाळून तळाशी ठेवलेली. ती बाहेर काढली आणि टोकावरचा गंज घासून काढला.

नवे प्लग आणलेले होते, लाल, चपट्या सोनेरी पात्यांचे. एसी लावून, ओट्यावर टेकून मी कामाला बसले. गन टेकवली, कथलाची तार लावली. कथील वितळायचं, पण तारेवर पसरायचं नाही. गोळी होऊन खाली पडायचं. एक मिनिट झालं, दोन झाली, तारेचं रबर मऊ पडलं, प्लगमधलं पातं तिरकं झालं. शेवटी कसाबसा एक करडा, रवाळ गोळा तिथे बसला. कारखान्यात असा टाका माझ्या हातून निघाला असता तर सुपरवायझरनं तो सगळ्यांना दाखवला असता. तरी मी बॅटरी तशीच हेमंतच्या हातात दिली. त्या शुक्रवारी गाडीनं पहिलं वळण घेतलं आणि तार सुटली. हेमंतनं गाडी उचलून काखेत धरली. घरी येईपर्यंत मला रडू फुटलं. तार सुटली म्हणून नव्हे. हात गेला म्हणून.

दुसऱ्या दिवशी तो तुटका टाका स्टीलच्या डबीत घालून मी खाली रेडिएटरच्या दुकानात गेले.

कासमचाचा तेव्हा साठीला आलेले. रत्नागिरीजवळच्या एका खाडीकाठच्या गावचे. बावीस वर्षं ओमानात, त्यातली बारा या दुकानात. दाढी पांढरी, बोटं काळी, अंगात कायम निळा कोट. एकाच जिल्ह्याचे म्हणून ओळख झालेली. कधी मासळी बाजारातून येताना सुरमईचा तुकडा आमच्या दाराला अडकवून जायचे. मला ते बाय म्हणत, आमच्याकडे मोठी माणसं घरच्या मुलीला म्हणतात तसं. मार्चमध्ये ते कायमचे परत जाणार होते. रेडिएटर आता अॅल्युमिनियमचे यायला लागले होते आणि अॅल्युमिनियमला डाख धरत नाही. "माजा धंदा आता भंगारात," असं ते हसत सांगायचे.

त्यांनी डबीतला टाका काढला, अंगठ्याच्या नखानं खरवडला.

"चाचा, माझा हात बिघडला हो," मी म्हटलं.

"हात कशाला बिगडतोय? आच कमी पडली. तुजी ती सुई हाय, सुई. सुईनं गोणपाट शिवशील काय?" त्यांनी तार बोटांत फिरवली. "ही तार जाडी. तू ऊन लावतेस ते सगळं ती पिऊन टाकते. मंद आचेवर भाकरी वाळते, बाय, भाजत नाय. मोठी आच आनि थोडा वेळ. वस्तू जगते. आनि वर थंडा वारा लावून बसली असशील. गार वाऱ्यात डाख मरतो."

मग त्यांनी त्यांचं तांबं काढलं. लाकडी मूठ, लोखंडी सळई आणि टोकाला पावशेराचा तांब्याचा ठोकळा. वडिलांच्या हातातलं हत्यार. वडील कल्हईवाले, गावोगाव भाता घेऊन फिरायचे. आमच्या आळीतही लहानपणी असा कल्हईवाला यायचा. पातेलं तापलं की त्यात कथलाची कांडी टेकवायचा, नवसागराची पूड टाकायचा, पांढरा धूर उठायचा आणि कापसाच्या बोळ्याचा एक फेर मारला की काळ्या पितळेत चंद्र उगवायचा. मी ते बघताना श्वास घ्यायला विसरायचे. आणि आता वादी कबीरच्या गॅरेजात, तेलाच्या डबड्यांमध्ये, तोच धूर, तोच झणझणीत वास. चाचांनी तांबं शेगडीवर तापवलं, नवसागराच्या खड्यावर घासलं, तारेवर टेकवलं. मी एक, दोन, तीन म्हणेपर्यंत कथील धावलं. धावलं हाच शब्द. करडं, कडक असलेलं ते एकदम पाण्यासारखं पातळ झालं आणि तारेच्या प्रत्येक केसात शिरलं. वर आरशाचा तुकडा राहिला. त्यात मला गॅरेजची ट्यूबलाइट दिसली.

"खलास," चाचा म्हणाले आणि तांबं उचललं. इथे काम संपलं की सगळे तेच म्हणतात.

त्या शुक्रवारी आमची गाडी उडाली. अतिशयोक्ती नाही. एका गोट्यावरून ती अशी सुटली की चारी चाकं हवेत, मागे धुळीची शेपटी, आणि सलीम दोन्ही हात वर करून "यल्ला! यल्ला!" ओरडत होता. बॅटरी तीच होती, मोटर तीच होती. मध्ये फक्त कथलाचे दोन थेंब नीट बसले होते. एवढ्याशा जागेत, तांदळाच्या चार दाण्यांएवढ्या जागेत, गाडीचा सगळा जीव अडकलेला असतो, हे शाळेत ओहमचा नियम पाठ करताना कळलं नव्हतं. हेमंतनं रिमोट माझ्या हातात दिला. मी गाडी सरळ एका काटेरी झुडपात घातली, ते सोडा.

पण दोन आठवड्यांनी गाडी पुन्हा धापा टाकू लागली. जोडावर चढवलेली रबरी नळी कापून बघितली तर आत हिरवं. तो आरसा गेला होता. तार बुरशीसारख्या हिरव्या पुटानं खाल्ली होती आणि हात लावताच तुटली. मला कारण लगेच कळलं. नवसागर. भांड्याला तो चालतो, कारण कल्हई झाली की भांडं पाण्यात बुडवून धुतात. रेडिएटरलाही चालतो, त्यातून पाणीच वाहतं. पण तारेच्या केसांत अडकलेला नवसागर कोण धुणार? त्यात मस्कतची दमट हवा. तो आत बसून तांबं कुरतडत राहिला. कारखान्यात आम्हाला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं की विजेच्या कामाला फक्त राळ वापरायची.

हे साठीच्या माणसाला सांगायचं कसं? तेही वडिलांच्या हत्यारानं केलेल्या कामाबद्दल? दोन दिवस मी जिन्यातून खाली जाऊन परत आले. शेवटी हेमंतच म्हणाला, "अगं, डॉक्टरला ताप सांगायला कसली लाज?"

चाचांनी तो हिरवा टाका हातात घेतला. बघण्याऐवजी नाकाशी नेऊन हुंगला, मग अंगठ्यानं चोळला.

"म्हंजे बापाचा नवसागर हितं चालत नाय," ते म्हणाले.

"राळ लागते, चाचा. मी आणलीय."

"दाव."

मी डबी पुढे केली. मधासारख्या रंगाचा, काचेसारखा खडा. त्यांनी तोही हुंगला आणि त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी आजही वर्गात शोधत असते. साठ वर्षांच्या माणसाला नवीन गोष्ट कळल्याचा आनंद. "तुला म्हाईत व्हतं! आनि तू म्हनतेस हात बिगडला! चल, आता असं करू. राळ तुजी, आच माजी."

तेव्हापासून दर शुक्रवारी जुम्म्याची नमाज झाली की चाचा आमच्याकडे जेवायला यायचे. जेवणात माशाचं कालवण, नाचणीचे पापड मिळाले तर चाचा खूश. मग एसी बंद, खिडक्या उघड्या, गॅसवर तांबं. ओट्यावर तांबं टेकायला वीट, बाजूला ओलं गोणपाट, त्यावर तांबं पुसायचं. चर्र आवाज आणि वाफ. मी शिकत गेले, काही त्यांच्याकडून, काही चुकांकडून. प्लगची जोडी एकमेकांत बसवूनच डाख लावायचा, म्हणजे प्लॅस्टिक मऊ पडलं तरी पाती जागची हलत नाहीत. आधी तारेला कथील पाजायचं, मग पात्याला, मगच दोघांना भेटवायचं. आकसणारी रबरी नळी तारेत आधी ओवून ठेवायची. ही नळी मी इतक्यांदा विसरले की हेमंतनं फ्रिजवर कागद चिकटवला, "नळी घातलीस का?" सुंदर डाख जमायचा आणि मग लक्षात यायचं की नळी टेबलावरच आहे. पुन्हा सोडवा, पुन्हा लावा. चाचा पोट धरून हसायचे.

एकदा राळ संपली. सलीमनं वरून लुबानचा पुडा आणून दिला. तो त्यांच्या घरात रोज संध्याकाळी जळायचा. "हीसुद्धा राळच," तो म्हणाला. लावून बघितला. घर असं दरवळलं की शेजारीण विचारायला आली, आज काय आहे तुमच्याकडे? डाख मात्र कोळशासारखा काळा झाला. चाचा म्हणाले, "अल्लाचं अल्लाला ऱ्हाऊ दे, बाय, बॅटरीला तुजीच राळ आन."

पण खरी गोष्ट एकच होती आणि ती जमत नव्हती. तांबं कधी उचलायचं. पाव सेकंद आधी उचललं तर कथील अर्धवट, वरून छान आणि आतून पोकळ. पाव सेकंद उशीर झाला तर राळ जळून जाते आणि डाख करडा पडतो. चाचा बाल्कनीच्या दाराशी खुर्चीत बसायचे, तोंड बाहेर डोंगरांकडे, आणि नेमक्या क्षणी म्हणायचे, "खलास." मी उचलायचे. डाख आरशासारखा. दरवेळी. एकदाही चुकले नाहीत. माझ्याकडे बघतसुद्धा नसत. मला वाटायचं, ही त्यांची अदब. परक्या घरची सून, तिच्या हाताकडे टक लावून कशाला बघायचं. मला त्या अदबीचं फार कौतुक होतं.

आणि मंगळवारी-बुधवारी, चाचा नसताना मी एकटी बसले की सगळं फिसकटायचं. कथील चमकतंय असं वाटायचं, उचलावं की थांबावं कळायचं नाही, आणि त्या वाटण्यात क्षण निघून जायचा. जानेवारी गेला, फेब्रुवारी गेला. वादीतल्या शर्यतीत आमच्या गाडीच्या तारा आता सुटत नव्हत्या, सलीमच्या आणि आणखी दोघांच्या बॅटऱ्याही माझ्याकडे यायला लागल्या होत्या. सगळे माझं कौतुक करायचे. मला एकटीला ठाऊक होतं की ते कौतुक चाचांचं आहे. मार्चात हा माणूस विमानात बसेल आणि माझा हात पुन्हा ट्रंकेत जाईल. हे मी हेमंतला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "टेप करून ठेवू का त्यांचा आवाज?" मी हसले. पण रात्री मला खरंच वाटलं की टेप करून ठेवावा.

शेवटचा शुक्रवार आला. उन्हाला पुन्हा धार चढली होती. इमारतीत निम्म्या घरांचे एसी सुरू झाले होते आणि आम्ही हट्टानं खिडक्या उघड्या ठेवून घामाघूम बसलो होतो. हेमंत गाडी घेऊन खाली गेला. चाचांची बॅग बांधून झालेली. सोमवारी विमान. ते नेहमीसारखे दाराशी बसले, तोंड डोंगरांकडे.

"लाव," ते म्हणाले. "बॅटरीला नको. ह्या तुकड्यांनाच लाव."

तारेचे दोन तुकडे, प्लगची जोडी. मी नळी ओवली. हो, आधी ओवली. तारेला कथील पाजलं, पात्याला पाजलं. तांबं गोणपाटावर पुसलं आणि टेकवलं. राळ चुरचुरली. माझे कान दाराकडे लागलेले. आता म्हणतील. आता. कथील धावलं, त्याच्यावर एक झळाळी लाटेसारखी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेली, आणि मी तांबं उचलून विटेवर ठेवलं. मग लक्षात आलं की चाचा काहीच बोलले नव्हते.

मी फुंकर न मारता थांबले. फुंकर मारली की डाख रवाळ होतो. तो आपला आपण निवाला. आरसा तसाच राहिला. त्यात खिडकी दिसत होती आणि खिडकीत डोंगर.

"चाचा, खलास का नाही म्हणालात?"

"मी म्हननार व्हतो," ते म्हणाले, "त्येच्या आदी तांबं इटेवर ठेवल्याचा आवाज आला. कसं कळलं तुला?"

"चमकलं ना. लाट आल्यासारखी चमक आली."

"आली व्हय?" त्यांनी तोंड माझ्याकडे वळवलं. "बाय, ती चमक मला दिसत नाय. दोन वर्सं झाली. दोनी डोळ्यांवर पडदा आलाय. मानूस दिसतो, दार दिसतं, बारीक काय दिसत नाय."

इतके महिने, इतके शुक्रवार. "मग तुम्ही खलास कसं म्हणायचात?"

"राळ सांगते. तापली की चुरचुरते, बोलत ऱ्हाते. कथील धावलं की एकदम गप होते. ती गप झाली की खलास." मग जरा थांबून म्हणाले, "नवसागर असा बोलत नाय. तुजी राळ आली, म्हनून मला ह्या साली खलास बोलता आलं. अर्बाबला सांगितलं नाय मी. रेडिएटर पान्यात बुडवून बुडबुडे बोटांनी शोधतो."

अर्बाब म्हणजे त्यांचा ओमानी मालक. बारा वर्षं ओळखणाऱ्या मालकाला जे कळलं नव्हतं ते मलाही कळलं नव्हतं. मी त्याला अदब म्हणत होते. ते डोंगरांकडे बघत नव्हते, ते कान इकडे लावून बसत होते. मी हातातला तुकडा त्यांच्या हातात दिला. त्यांनी अंगठ्याचं नख त्यावरून फिरवलं, एकदा, दोनदा.

"गुळगुळीत लागतोय," ते म्हणाले. "पन नखावर भरवसा नाय. तो नवसागरचा डाख पन गुळगुळीतच लागला व्हता, आनि आतून हिरवा झाला. हा मी घेऊन जातो. गावाला जाऊन डोळे करून घेईन, इन्शाल्ला. मंग बगीन. तवर खलास बोलनार नाय."

आणि त्यांनी तो तुकडा निळ्या कोटाच्या खिशात टाकला. तांबं मात्र माझ्या ओट्यावरच ठेवून गेले. मी परत द्यायला गेले तर म्हणाले की विमानात असलं लोखंड नेऊ देत नाहीत. बॅगेतून नेता आलं असतं, हे त्यांनाही माहीत होतं.

त्यानंतरचा उन्हाळा मला आठवत नाही, एक दिवस सोडून. जून होता. बाहेर झळा, आत एसीची घरघर, आणि दुपारी फोन वाजला. लांबचा फोन, मध्ये खरखर, कुणीतरी ओरडतंय, "बाय! बाय!" मी हातातली पोळी तशीच टाकून धावले. एसीच्या आवाजात शब्द कळेनात. मग मी भर जूनमध्ये, भर दुपारी, एसी बंद केला. घर एकदम स्तब्ध झालं.

"कासमचाचा? कुठून बोलताय?"

"गावच्या बूथवरून. एका डोळ्याचं झालं. काल पट्टी सोडली." श्वास लागल्यासारखा आवाज. "घरातलं सगळं बगितलं. बायकोला बगितलं, म्हातारी झाली गो! खाडी बगितली. मंग कोट काढला."

मी रिसीव्हर दोन्ही हातांनी धरला. घाम मानेवरून ओघळत होता. तीन महिने. कोकणातला दमट वैशाख, खाडीची खारी हवा, माझा डाख निळ्या कोटाच्या खिशात. हिरवा झाला असेल. नक्की झाला असेल.

पलीकडे बूथवाल्याच्या यंत्राची टिकटिक ऐकू येत होती. चाचा गप्प झाले होते. मग ते बोलले, अगदी हळू, ओट्याशी बसून म्हणायचे तसं.

"खलास."